तळातला हिरडा

१

गोणी उघडली तेव्हा वरचा ओंजळभर माल अस्सल निघाला आणि खालचा सगळा खोटा.

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतली ती पत्र्याची शेड मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी अकरालाच भट्टीसारखी तापली होती. टेबलावर काळ्या, सुरकुतलेल्या हिरड्यांचा ढीग पडला होता. सरोजिनी गर्गे यांनी त्यातला एक उचलला, पर्समधून अडकित्ता काढला आणि हिरडा मधोमध फोडला. आत टणक आठळी होती.

"बाळहिरड्याला आठळी नसते," त्या म्हणाल्या. "आठळी धरण्याच्या आत उतरवतात म्हणून तर तो बाळहिरडा. हा हिवाळ्यातला जून हिरडा आहे. बारीक दाणा निवडून काळा केलाय."

"तेच तर, मॅडम!" कारखान्याचे मालक वैजनाथराव दरेकर यांनी असा काही सुस्कारा सोडला, जणू त्यांच्याच घरात चोरी झाली असावी. "चायनाच्या लोकांना हेच लागतं. कोवळा हिरडा. घशाला. त्यांच्या वैद्यांचं फार जुनं औषध आहे म्हणे. आणि ह्या बायका पाहा! गुरुवारी चायनाची पार्टी येतेय. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

सरोजिनीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दाखवण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

बाईंनी नगरच्या कॉलेजात तेहतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांचं माणसांबद्दलचं मत दरसाल थोडं थोडं खाली येत गेलं होतं आणि निवृत्तीच्या दिवशी ते तळाला टेकलं. आज त्यांना बोलावलं होतं ते तपासाला नव्हे, सहीला. माल भेसळीचा आहे, असा तज्ज्ञाचा एक कागद हवा होता.

वैजनाथरावांची काचेची केबिन शेडच्या एका कोपऱ्यात होती. आत शिरताच लिंबाचा वास आला. हात धुवायच्या भांड्याशेजारी पिळलेल्या लिंबाच्या सात-आठ फोडी पडल्या होत्या. चहा मात्र दुधाचा आला. मागच्या कपाटात काचेची एक सुंदर बरणी होती, तिच्यात त्याहून सुंदर बाळहिरडा, आणि बरणीवर चिठ्ठी: 'आमच्या कर्जतच्या बागेतून.' घाटातल्या पावसावर वाढणारं झाड ह्या माणसाने नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या रखरखाटात कसं जगवलं, हा प्रश्न सरोजिनीबाईंच्या मनात आला. पण जाहिरातीत माणसं काहीही लिहितात, आणि सगळ्या खोटेपणाला उत्तर देत बसलं तर दिवस पुरत नाही.

"पार्टीचा हट्ट असा," वैजनाथराव सांगत होते, "की करार थेट झाडाखाली वेचणाऱ्यांशी करायचा. यादीत दोनच नमुने आहेत. एक हा अकोले तालुक्यातल्या बचत गटाचा आणि दुसरा आमच्या बागेचा. ह्यांना मी संधी दिली. मी स्वतः कर्जतला कांद्याच्या गोण्या शिवून वर आलेला माणूस आहे, मॅडम. कष्टाची कदर मला आहे. पण चोरी ती चोरी."

त्यांनी टाईप केलेला एक कागद पुढे सरकवला. 'आम्ही मालात भेसळ केली असून ती आम्हांस मान्य आहे.' खाली सहीची रिकामी जागा. गटाची अध्यक्ष साळूबाई बाहेर पायरीवर बसली होती. चारच्या आत तिने सही केली, तर गटाचं नाव यादीतून कायमचं जाणार आणि चाळीस घरांचा हिरडा पुन्हा दलालाच्या दारात. नाही केली, तर पोलीस.

"बोलवा तिला," सरोजिनीबाई म्हणाल्या.

साळूबाई आत आली. पन्नाशीची, काटक बाई. चपला तिने बाहेरच काढल्या होत्या. तिने कुणालाच नमस्कार केला नाही.

गोणीचं तोंड अजून टेबलावर होतं. सुतळीचा टाका शाबूत राहावा म्हणून ते खालून कापून वेगळं ठेवलं होतं. एक टाका सरळ, एक उलटा, शेवटी दुहेरी गाठ.

"हा टाका कुणाचा आहे?"

साळूबाईने वाकून पाहिलं, बोटाने गाठ चाचपली.

"माझाच हाय," ती म्हणाली. "कुनी उसवल्याला न्हाई."

२

गुन्हेगाराने स्वतःच गुन्हा कबूल करावा, इतकं सोपं काम सरोजिनीबाईंच्या वाट्याला क्वचितच आलं होतं. वर चांगला माल, खाली भेसळ, आणि तोंडावर स्वतःचा टाका. बाजारातली सगळ्यात जुनी, सगळ्यात आळशी लबाडी. त्यांना त्या बाईचा राग आला नाही, कंटाळा आला.

"मॅम, डेटा क्लिअर आहे," अनीश म्हणाला. हा कारखान्याचा तपासनीस. वय सत्तावीस, हातात टॅब्लेट. हिरड्याचं झाड त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं आणि त्याची त्याला खंतही नव्हती. "टॉप लेयर पास, बाकी सगळं फेल. सील इन्टॅक्ट. म्हणजे भेसळ सोर्सलाच."

"मावशी, कशाला ताणता?" वैजनाथराव मायेने म्हणाले. "सही करा आणि तीनची एसटी पकडा."

"आमी घातलं न्हाई, त्याला सही कशी करू?" साळूबाई म्हणाली आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

सरोजिनीबाईंनी पेन काढलं. पर्स आवरायला म्हणून अडकित्ता उचलला आणि त्यांचा हात थांबला.

अडकित्त्याच्या पात्यावर निळसर काळा डाग उमटला होता.

त्यांनी तो पदराने पुसला. गेला नाही. बोटावर थुंकी लावून घासला. बोटही निळंकाळं झालं. हिरड्याचा तुरट रस आणि लोखंड एकत्र आले की शाई होते. जुन्या काळी दौतीत हेच असायचं. पण त्यासाठी ओल लागते. उन्हात नीट वाळलेला हिरडा लोखंडावर दिवसभर आपटला, तरी डाग पडत नाही.

त्यांनी ढिगातले आणखी तीन-चार फोडले. वरून कोरडे, पण आठळीजवळ गर दमट.

"ही गोणी इथे कधी आली?"

"बारा दिवस झाले," अनीशने टॅब्लेटवर पाहून सांगितलं. "काल सकाळी ओपन केली."

"बारा दिवस. पत्र्याखाली, मे महिन्यात, बंद गोणीत दमट माल." त्यांनी एक हिरडा त्याच्या नाकाखाली धरला. "वास घे. बुरशी येते का?"

"नाही, मॅम."

"कुठे पांढरी केसभर लव दिसते? तुझ्या त्या पाटीत नको बघू, हिरड्यात बघ."

अनीशने पाहिलं. मान हलवली.

सरोजिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं. स्वतःचाही त्यांना थोडा राग आला होता, आणि तो रोजच्यापेक्षा वेगळ्या चवीचा होता.

"दमट माल बारा दिवस कोंडला असता तर आज गोणीला हात लावता आला नसता. हा माल ह्या गोणीत जाऊन फार तर दोन-तीन दिवस झालेत. तेव्हा गोणी साळूबाईच्या वाडीत नव्हती. ह्या छपराखाली होती."

३

"टाका तर तिचाच आहे ना?" वैजनाथराव म्हणाले. आवाजातली माया थोडी पातळ झाली होती. "मग माल आत गेला कसा? हवेतून?"

सरोजिनीबाईंनी गोणीचं तोंड बाजूला सरकवलं. त्यांनी आधी टेम्पोवाल्या गोरक्षला बोलावलं. तो आज आणखी माल घेऊन आला होता आणि साळूबाईही त्याच्याच टेम्पोतून आली होती.

"मॅडम, गोनी वाडीतून उचलली आन् हितं उतारली," गोरक्ष म्हणाला. "मधी संगमनेरला भेळ खाल्ली, तेवढाच काय तो गुन्हा."

"वाटेत कुणाच्या हातात दिलीस?"

"कोन हात लावतंय! साळूबाईनं निघताना सांगितलं हुतं, गोनीवर बसलास तर तंगडं मोडीन. मी संगमनेरपातुर उभ्यानं आलो असतो, पन गाडी कोन चालवनार?"

हा माणूस मूर्ख होता, पण निरुपद्रवी. शिवाय ती गोणी त्याने आणली बारा दिवसांपूर्वी, आणि त्यानंतर तो आजच आला होता. सरोजिनीबाईंनी त्याला सोडून दिलं.

मग गोदामवाला रामहरी. वाकलेला, तोंडात मिश्री, बोटं नखांपर्यंत काळी.

"किल्ल्या किती आहेत?"

"दोन. येक माझ्याकडं, येक सायबाकडं."

"शनिवार-रविवार इथे कोण होतं?"

"मी नव्हतो बाई. सायबांनी सुट्टी दिली. म्हनले, जा, तुझ्या साडूच्या पोरीचं लगीन हाय ना?" रामहरी ओशाळं हसला. "लगीन तर मागल्या म्हैन्यातच झालं. पन आपून हून दिल्याली सुट्टी कोन सोडतं?"

"गोदामात जून हिरडा आहे?"

"हाय की. चूर्नाचा. पोती हायेत चांगली."

सरोजिनीबाई उठल्या. रिकामी गोणी कोपऱ्यात पडली होती. बारा दिवस ती इथे होती आणि काल-आज मिळून इतक्या लोकांनी ती पाहिली, पण सगळ्यांनी तिचं तोंडच पाहिलं. त्यांनी ती उलटी केली, उजेडात धरली.

तळाकडच्या कोपऱ्यात, बाजूच्या शिवणीत, दीड वीत सुतळी वेगळी होती. मशीनचा टाका तिथे संपत होता आणि हाताचा सुरू होत होता. दाभणाने घातलेला, घाईचा, पण सरावाचा. त्यातल्या प्रत्येक भोकाभोवती निळ्याकाळ्या रंगाचं बारीक कडं होतं.

"तुम्ही विचारलंत ना, कसा गेला? खालून गेला," त्या म्हणाल्या. "खालून उसवली, खालून रिकामी केली, खालून भरली. तोंडापाशी जो माल अडकून राहिला तो तेवढा अस्सल राहिला. तुम्हाला वाटलं, बाईने वरून शोभेला घातला. आणि ओल्या हिरड्यातून लोखंडी दाभण आलं-गेलं, म्हणून ही शाई. ज्याने गोणी शिवली त्याची बोटंही रंगली असणार."

सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या.

"रामहरी!" वैजनाथराव गरजले. "हात दाखव!"

रामहरीने दोन्ही हात पुढे केले. ते काळेकुट्ट होते.

४

"माझ्या मिठाला तू—" वैजनाथरावांनी सुरुवात केली. "अनीश, पोलिसांना फोन लाव!"

"बसा," सरोजिनीबाई म्हणाल्या. तेहतीस वर्षं शेवटच्या बाकाला बसवणारा तो आवाज होता. वैजनाथराव बसले. "अनीश, साहेबांच्या केबिनमधून एक लिंबू आण. तिथे बरीच आहेत."

अनीशने अर्धं लिंबू आणलं. बाईंनी ते गोणीच्या तळाच्या शिवणीवर घासलं. निळी कडी फिकट झाली आणि पाहता पाहता विरली. मग त्याच लिंबाने त्यांनी रामहरीची बोटं चोळली. बोटं काळीच राहिली.

"हे काय लागलंय हाताला?"

"गिरीस, बाई," रामहरी रडवेल्या आवाजात म्हणाला. "चक्कीचं. चौदा वर्सं झाली, आता जात न्हाई."

"हिरड्याची शाई लिंबाने जाते, ग्रीस जात नाही," बाई म्हणाल्या. "ज्याला दोन दिवसांत पुष्कळ लिंबं लागली, तो माणूस वेगळा आहे."

वैजनाथरावांनी हात टेबलाखाली घेतले. "उन्हाळा आहे, मॅडम. माणूस सरबत पितो."

"आम्हाला चहा पाजलात."

"लिंबाच्या फोडींवर कोर्टात केस उभी राहत नाही." आता त्यांचा आवाज स्थिर होता, उलट थोडा उर्मट. "गोणी कुणीतरी उसवली, मान्य. कुणी, ते सिद्ध करा. मूळ माल कुठे गेला, ते दाखवा. नाही दाखवता आला, तर चारला सही होणार."

आणि वैजनाथराव खरं बोलत होते. अडचण तीच होती. एका वाडीचा बाळहिरडा दुसऱ्या कशातही मिसळला, की त्यावर काही नाव लिहिलेलं नसतं. साडेतीन वाजले होते. सरोजिनीबाई शेडच्या दारात आल्या. पायरीवर साळूबाई तशीच बसली होती, सकाळपासून, उन्हात. तिला पाणीही कुणी विचारलं नव्हतं.

बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. असं बसायची त्यांना सवय नव्हती, गुडघे कुरकुरले.

"साळूबाई, गोणी कशी भरलीत ते मला सांगा. पहिल्यापासून."

साळूबाई बोटं मोजत सांगू लागली.

"कातळावर वाळवला. चार दिस उलथा-पालथा केला. वल्ला असतानी पत्र्यावर, घमेल्यात घालत न्हाई, काळा डाग धरतो. बांबूच्या पाटीतनं आनला. मंग गोनीत आदी देवाचा घातला, त्याच्यावर आपला."

"देवाचा म्हणजे?"

"हंगामाचा पैला हिरडा. त्याला शेंदूर फासायचा, म्हसोबाला दावायचा आन् पैल्या गोनीच्या तळाला ठिवायचा. आमच्या वाडीची रीत हाय."

"कशासाठी? माल वाढावा म्हणून?"

"न्हाई वो." साळूबाईला प्रश्नाचं हसू आलं, फार चांगलं नव्हे. "तळाला देव बसल्यावर त्याच्यावर खोटं वतायची छाती हुत न्हाई. म्हनून."

सरोजिनीबाई उठल्या. गुडघे ह्या वेळी कुरकुरले नाहीत.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. त्या पाटीवाल्या पोराला. ते म्हनलं, मावशी, अंदसरद्दा रिपोर्टात लिवता येत न्हाई."

५

"बरोबर आहे, मॅम," अनीश म्हणाला. कान लाल झाले होते. "त्या म्हणाल्या होत्या. मला ते रिलेव्हंट वाटलं नाही."

"साहेबांना सांगितलंस?"

"नाही. कशाला सांगू?"

"ह्या ढिगात शेंदूर लागलेला हिरडा होता?"

"नव्हता. एकूण एक दाणा मी स्वतः पाहिलाय."

"आयुष्यात एवढं एक काम तू बरं केलंस," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आता कर्जतच्या बागेचा नमुना आण. बरणी नको. पार्टीला जायचा आहे तो सगळा."

वैजनाथराव उभे राहिले. "त्याला हात लावायचा नाही! तो सीलबंद आहे. परदेशी जायचा माल आहे."

"कर्जतच्या हिरड्याला इतकं घाबरायचं कारण नाही. कर्जतला हिरडा होतच नाही."

अनीश हलला नाही. तो मालकाकडे पाहत होता, मग बाईंकडे, मग पुन्हा मालकाकडे. नोकरी कुठे आहे आणि लाज कुठे आहे, ह्याचा त्याला अंदाज घेता येत नव्हता. शेवटी रामहरीच गेला. काळ्या हातांनी केबिनमागचा निळा प्लास्टिकचा पिंप लोटत घेऊन आला आणि कुणाला काही न विचारता त्याने सील तोडून तो जमिनीवरच्या सतरंजीवर उलटा केला.

काळा, कोरडा, खडखडीत वाळलेला बाळहिरडा सतरंजीभर पसरला. साळूबाई आत आली. तिने एक उचलला, दाताखाली धरला, तोडला.

"आमचाच हाय."

"असं कुणीही म्हणेल!" वैजनाथराव म्हणाले.

साळूबाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी हिरडा पसरू लागली, वाळवण पसरावं तशी. बाहेर गोरक्षच्या टेम्पोतलं गाणं तेवढं चालू होतं. अर्धी सतरंजी झाली. वैजनाथरावांच्या ओठांवर हळूहळू रंग परत येऊ लागला. सरोजिनीबाई खाली वाकून पाहू लागल्या. गोणी रिकामी करताना तो शेंदराचा हिरडा गोदामात घरंगळला असला तर? कुणी झाडून टाकला असला तर? भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच मिनिटं होती.

साळूबाईचा हात थांबला.

तिने दोन बोटांत धरून एक हिरडा वर केला. सुरकुत्यांमध्ये केशरी शेंदूर घट्ट बसला होता.

"म्हसोबा," ती शांतपणे म्हणाली, "लई फिरलास रं."

सरोजिनीबाईंनी खुर्ची ओढली आणि वैजनाथरावांसमोर बसल्या.

"गोणी तळातून उसवलीत, तेव्हा सगळ्यात आधी हाच बाहेर पडला. तुमचं लक्ष नव्हतं, कारण ह्या बायका काय करतात ते बघण्याची तुम्हाला कधी गरज वाटली नाही. चूर्णाचा जून हिरडा लोखंडी काहिलीत भिजवून काळा केलात. नीट वाळवायला सवड नव्हती. दोन दिवसांत उरकायचं होतं. रामहरीला लग्नाला पाठवलंत, तेही होऊन गेलेल्या. शिवायला माणूस बोलावला असता तर तो उद्या बोलला असता, म्हणून स्वतः बसलात. कांद्याच्या गोण्या शिवून वर आलेला माणूस! टाका चांगला आहे, दरेकर. अजून हात बसलेला आहे. तेवढंच काम तुम्हाला येत होतं, ते सोडायला नको होतं."

वैजनाथरावांनी घसा खाकरला. चिनी वैद्यांचं औषध त्यांना आत्ता उपयोगी पडलं असतं.

"मॅडम, हे आपापसात मिटवू. मावशी, तुमच्या गटाचं नाव यादीत राहील. मी शब्द देतो."

"तुमचा शब्द राहू द्या," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. "माझा कागद हवा होता ना तुम्हाला? देते. एक प्रत पार्टीला, एक पोलिसांना. आणि गुरुवारी पाहुण्यांना इथे उतरवू नका. त्यांना वेचणाऱ्या बायकांना भेटायचंय, त्या अकोल्याला असतात."

"येऊ द्या," साळूबाई म्हणाली. "कातळावर बसवू. पन चपला काढून या म्हनावं. लोक वाळवनात पाय देत्यात."

गोरक्ष आणि रामहरी हिरडा पुन्हा भरू लागले, नव्या गोणीत. साळूबाईने तळ दोनदा तपासला. मग टेबलाशी आली आणि तो टाईप केलेला कबुलीचा कागद उचलला. उलटसुलट करून पाहिला.

"कागद बरा हाय," ती म्हणाली. तिने शेंदराचा हिरडा त्यात ठेवला, चार घड्या घातल्या, पुडी कमरेला खोचली आणि निघाली.

सरोजिनीबाई तिला दारापर्यंत सोडायला गेल्या. काहीतरी बोलायला हवं होतं.

"सकाळीच विचारायला हवं होतं मी तुम्हाला."

साळूबाई वाकून चपला घालत होती.

"व्हय," ती म्हणाली. "तुमी बी शेवटीच इचारलं." आणि टेम्पोत गोणीशेजारी जाऊन बसली.